एचपी, किलोवॅट, युनिट, टन : मोटारीपासून एसीपर्यंतचा हिशोब असा करा

मोटारीच्या पाटीवर ‘किलोवॅट’ असतं, कनेक्शनच्या कागदावर ‘एचपी’ असतो, मीटर ‘युनिट’ दाखवतं आणि दुकानदार एसी ‘टना’त विकतो. आकडा सारखा दिसला तरी मागचं माप वेगळं असतं. त्यामुळे नुसता आकडा वाचून चालत नाही, पुढचं माप आधी बघावं लागतं. मंजूर भार, योजनेची मर्यादा आणि डीपीवरचा ताण, सगळं यावरच ठरतं.

किलोवॅट वेगळं, युनिट वेगळं

पंप मिनिटाला किती पाणी फेकतो ही झाली पंपाची ताकद, आणि दिवसभरात शेततळ्यात किती पाणी साठलं हा झाला हिशोब. विजेचंही तसंच आहे. वॅट, किलोवॅट आणि एचपी ही ताकदीची मापं आहेत, तर युनिट म्हणजे एकूण वापरलेली वीज. १ किलोवॅटचं यंत्र १ तास चाललं की १ युनिट पडतं. १०० वॅटचा बल्ब १० तास चालला तरी १ युनिटच.

एचपीचं किलोवॅट कसं करायचं?

१ एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजेच ०.७४६ किलोवॅट. एचपीला ०.७४६ ने गुणलं की किलोवॅट येतं. किलोवॅटला १.३४ ने गुणलं की एचपी येतो. नेहमी लागणारे आकडे असे :

- ३ एचपी = २.२ किलोवॅट
- ५ एचपी = ३.७ किलोवॅट
- ७.५ एचपी = ५.५ किलोवॅट (नेमका हिशोब ५.६, पाटीवर ५.५ असतं)
- १० एचपी = ७.५ किलोवॅट

घोटाळा होतो तो शेवटच्या दोन ओळींत. पाटीवर ५.५ किलोवॅट असेल तर ती मोटार साडेपाचची नव्हे, साडेसात एचपीची. आणि ७.५ किलोवॅट लिहिलं असेल तर ती थेट १० एचपीची. राज्यात मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांसाठी आहे. ही मर्यादा एचपीत आहे, किलोवॅटमध्ये नाही, हे मोटार घेतानाच लक्षात ठेवावं.

आठ तास मोटार चालली तर किती युनिट?

पाटीवरची ताकद ही मोटारीच्या शाफ्टवर मिळणारी असते. मोटार तापण्यात आणि आवाजात काही वीज वाया जाते, म्हणून लाईनवरून ती जास्त वीज ओढते. मोटारीची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ५ एचपीची मोटार ३.७ ÷ ०.८ म्हणजे साधारण ४.६ किलोवॅट ओढते. आठ तासांचे झाले सुमारे ३७ युनिट. वायंडिंग वारंवार भरलेली जुनी मोटार तेवढ्याच पाण्याला याहून जास्त वीज खाऊ शकते.

डीपी का जळते?

डीपीची क्षमता केव्हीएमध्ये असते. किलोवॅटला पॉवर फॅक्टरने भागलं की केव्हीए मिळतं. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर ५ एचपीची एक मोटार सुमारे ५.८ केव्हीए घेते. म्हणजे ६३ केव्हीएच्या डीपीवर अशा १० मोटारी जेमतेम बसतात.

आता याच दहा जणांनी कागदावर पाच एचपी ठेवून शेतात साडेसातच्या मोटारी बसवल्या, तर भार जातो ८७ केव्हीएवर. लाईट आली की सगळ्यांचे ऑटो स्विच एकदम मोटारी चालू करतात. सुरू होताना मोटार नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट ओढते. मग व्होल्टेज पडतं, मोटारी तापतात आणि डीपी उडते. ऐन हंगामात डीपी जळाली तर ज्याची मोटार मंजूर भारातच होती त्याचंही पीक वाळतं.

यावर उपाय म्हणजे मोटारीइतकाच भार मंजूर करून घेणं आणि प्रत्येकाने योग्य मापाचा कपॅसिटर बसवणं. कपॅसिटरमुळे पॉवर फॅक्टर ०.९५ पर्यंत गेला, तर तीच ५ एचपीची मोटार ५ केव्हीएच्या आत भागते.

उष्णतेचा हिशोब

१ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १ किलोकॅलरी उष्णता लागते, आणि १ युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४५ वर न्यायची तर २० × २५ = ५०० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे ०.६ युनिट. १,५०० वॅटच्या हीटर रॉडला त्यासाठी २३-२४ मिनिटं लागतात. रॉड पाण्यात असताना बादलीत हात घालू नये.

गॅसही असाच मोजता येतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटइतकी उष्णता असते. मात्र शेगडीवर त्यातली बरीचशी भांड्याच्या बाजूने निघून जाते.

एसीचा ‘टन’ वजनाचा नव्हे

एसीचा १ टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू उष्णता बाहेर काढण्याची ताकद, म्हणजेच साडेतीन किलोवॅट. पण ही काढलेली उष्णता झाली, खाल्लेली वीज नव्हे. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना वीज साधारण दीड किलोवॅटच्या आसपास घेतो.

कोल्ड स्टोरेजच्या कोटेशनमध्येही दोन प्रकारचे टन येतात. एक साठवायच्या मालाचा, दुसरा थंड करणाऱ्या यंत्राचा. कोणता आकडा कशाचा, हे सही करण्याआधी विचारून घ्यावं.

मोबाईलमध्ये जपून ठेवा

- १ एचपी = ७४६ वॅट
- १ युनिट = १ किलोवॅट × १ तास = ८६० किलोकॅलरी
- १ किलोवॅट = तासाला ३,४१२ बीटीयू
- १ टन (एसी) = तासाला १२,००० बीटीयू = ३.५ किलोवॅट

नवी मोटार घेताना पाटीचा फोटो काढून ठेवावा आणि त्यावरचा एचपी कनेक्शनच्या कागदाशी जुळवून बघावा.