संगणकाचे संप्रदाय

भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यापूर्वी विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड असे त्याचे पाच तालुके होते. विलीनीकरणानंतर या मुलखाची नवी मांडणी झाली. सुधागड कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात गेला. राजगड आणि तोरणा ऊर्फ प्रचंडगड यांचा परिसर वेल्हे म्हणून ओळखला जाऊ लागला. आता वेल्हे तालुक्याला पुन्हा राजगड हे नाव मिळाले आहे. नाव असे परत आणता येते. संस्थानी काळातले मोडी कागद वाचू शकणारा सामान्य वाचक मात्र परत आणता येत नाही. एका पिढीने सहज लिहिलेले खत तिच्या नातवंडांना वाचता येत नाही, याला भाषा कारणीभूत नाही. भाषा मराठीच आहे. बदलली ती वाचणाऱ्यांची मांडणी.

मोडीच्या बाबतीत जे काही दशकांत घडले, तेच संगणकावरील मराठीच्या बाबतीत अवघ्या वीस वर्षांत घडले. हा इतिहास तंत्रज्ञांचा आहे असे समजून साहित्याच्या अभ्यासकांनी तो बाजूला ठेवला. वस्तुतः तो वाचनाचा इतिहास आहे.

देवनागरी संगणकाचे प्रारंभीचे महत्त्वाचे काम कानपूरच्या आयआयटीत झाले. पुण्यात १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली आणि तिथे ‘जिस्ट’ या नावाने हे तंत्रज्ञान पुढे वाढले. जिस्ट हे संगणकाच्या आत बसवायचे एक कार्ड होते. ते बसवले की वर्डस्टार किंवा डीबेससारखे इंग्रजी अक्षरे गृहीत धरून बनवलेले डॉसवरचे प्रोग्रॅम भारतीय लिप्या दाखवू लागत. यामागची कल्पना आजही विलक्षण वाटते. संगणकाने अक्षराचे चित्र साठवायचे नाही, अक्षर साठवायचे. चित्र काढण्याचे काम वेगळे. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांचा वर्णक्रम समान असल्याने त्यांना एकच सांकेतिक क्रम देता आला. ‘इस्की’ नावाचा हा क्रम १९९१ साली भारतीय मानक म्हणून स्वीकारला गेला. म्हणजे एकत्र येण्याचा आधार आरंभापासूनच उपलब्ध होता. परंतु लोक त्या आधाराभोवती जमले नाहीत.

त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. नव्वदच्या दशकात विंडोज आले आणि त्याबरोबर पेजमेकरसारखी मुद्रणाची साधने आली. त्यांना देवनागरीचे जोडाक्षर घडवता येत नव्हते. त्यांना तयार आकृती हवी होती. एका फॉन्टात जागा २५६ आणि त्यांतल्याही सर्व वापरता येत नसत. देवनागरीची अक्षरे, अर्धी रूपे, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे त्यांत कशी बसवायची, हे प्रत्येक उत्पादकाने आपल्यापुरते ठरवले. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशी निरनिराळी घराणी तयार झाली. त्यात टंकलेखकांच्या सवयीची भर पडली. इनस्क्रिप्ट हा कळफलक १९८६ सालापासून होता. तथापि यांत्रिक टंकलेखनयंत्रावर हात बसलेल्यांना जुनीच मांडणी हवी होती आणि विक्रेत्यांनी ती दिली. परिणामी एका घराण्यात ज्या क्रमांकावर ‘क’, तिथे दुसऱ्यात वेलांटी. एका छापखान्यातली फाइल दुसऱ्यात उघडली की पडद्यावर अक्षरांचा कालवा दिसे.

मराठीच्या अभ्यासकाला हे चित्र अपरिचित वाटू नये. महानुभावांच्या सकळ लिपीत नागरी अक्षरांची अशीच अदलाबदल केलेली आहे. ज्याच्याजवळ किल्ली, तोच वाचक. इतिहासाचार्य राजवाड्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती किल्ली उलगडली, तेव्हा प्राचीन मराठी गद्याचे केवढे दालन खुले झाले हे आपण जाणतोच. फरक एवढाच की, महानुभावांनी आपले ग्रंथ जपण्यासाठी लिपी गूढ केली. संगणकाच्या संप्रदायांची लिपी बाजाराच्या ओघात गूढ झाली, आणि तिच्यामागे जपण्याची निष्ठा नव्हती.

युनिकोडने हे संप्रदाय मोडले. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ चीच आणि तिच्यातील देवनागरी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेली. विंडोज २००० मध्ये तिला आधार मिळाला आणि पुढील दशकात मराठी लिहिणारे हळूहळू एका संकेतावर आले. ही एकजूटही सहज झालेली नाही. ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळायला २००८ साल उजाडावे लागले. महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेचा आणि लिपीचा प्रमाण निर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी काढला. संकेत कोणाच्या गरजेप्रमाणे ठरतो, हा प्रश्न भाषेच्या राजकारणाचा आहे.

मात्र प्रत्येक फेरमांडणीत माणसे नव्या घरी येतात आणि कागद जुन्या घरी राहतात. नव्वदच्या दशकापासून कित्येक वर्षे तालुक्याच्या गावांतल्या डीटीपी केंद्रांवर प्रबंध, नियतकालिकांचे विशेषांक, स्थानिक इतिहासाच्या पुस्तिका, लोकगीतांची संकलने अक्षरजुळणीसाठी येत राहिली. त्यांतले जे छापले गेले ते निदान कागदावर आहे. जे छापले गेले नाही, ते एखाद्या फ्लॉपीत किंवा सीडीत, नाव विसरलेल्या फॉन्टात पडून आहे. रूपांतराची साधने आहेत, पण त्यांना आधी सांगावे लागते की मजकूर कोणत्या घराण्यातला. ते ज्याला नजरेने ओळखता येते, तो जुना अक्षरजुळणीकार आता निवृत्तीच्या वयाला आला आहे. मोडी वाचकाचे आणि त्याचे स्थान एकच आहे.

रूपांतर झाल्यावरही काम संपत नाही. रफार सरकतो, ‘ऱ्ह’ फुटतो, अनुस्वार शेजारच्या अक्षरावर जातो. मूळ पाठ कोणता आणि यंत्राने घातलेला अपपाठ कोणता, हे ठरवण्याच्या शास्त्राला आपण पाठचिकित्सा म्हणतो आणि एम.ए.च्या वर्गात शिकवतो. हे काम संगणक विभागाकडे सोपवता येणार नाही. ते मराठी विभागाचेच आहे. विद्यार्थ्यांना ज्ञानेश्वरीच्या प्रतींबरोबर १९९५ सालच्या एखाद्या फाइलचा पाठही सिद्ध करायला द्यायला हरकत नाही.

मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले. भोरच्या दप्तरातले एखादे पत्र आज जगातल्या कुठल्याही संगणकावर मोडी अक्षरांत अचूक नोंदवता येईल. याउलट त्या पत्रावर तीस वर्षांपूर्वी बाळबोधीत टंकलेला एखादा निबंध कदाचित कोणालाच उघडता येणार नाही. मोडीचे वाचक गेले, पण कागद राहिले म्हणून ती लिपी पुन्हा शिकता आली. इथे वाचक हयात आहेत आणि जात आहे तो कागद.