कामगंधाची कहाणी

वैनगंगेच्या खोऱ्यातील बालाघाट हा धानाचा मुलूख. 1867 मध्ये भंडारा, शिवनी व मंडला या जिल्ह्यांचे भाग जोडून हा जिल्हा घडला. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत तो मध्य प्रदेशात राहिला आणि भंडारा मुंबई राज्यात गेला. परंतु सीमेच्या दोन्ही अंगांच्या बांध्यांत पीक एकच आणि त्याचा वैरीही एकच : खोडकिडा.

या किडीची मादी पिवळसर पतंग असून तिच्या पुढील प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका असतो. तिची अळी खोडात शिरून ते आतून पोखरते. रोप कोवळे असता गाभा वाळतो. पीक निसवण्याच्या सुमारास हल्ला झाला तर लोंबी पांढरी व पोचट निघते. हीच ती पळींज. ती दिसते तेव्हा औषधाची वेळ निघून गेलेली असते.

1966 नंतर आयआर-8 सारखे बुटके वाण आले. त्या काळी शेतकऱ्याचा भरवसा बीएचसीच्या भुकटीवर होता. खोडातील अळी तिच्यापासून बचावे. कोळ्यांसारखे मित्रजीव मात्र मरत. 1997 मध्ये भारतात तिच्यावर बंदी आली.

दुसरी वाट परदेशी प्रयोगशाळेत सापडली होती. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनान्ट यांनी सुमारे 20 वर्षे खपून, रेशमाच्या 5 लाख मादी पतंगांपासून, नराला बोलावणारे द्रव्य काही मिलिग्रॅमच मिळवले. 1959 मध्ये त्याची ओळख पटली. त्याच वर्षी अशा द्रव्यांना ‘फेरोमोन’ हे नाव मिळाले. आपण त्यातील या प्रकाराला कामगंध म्हणतो. धानाच्या पिवळ्या खोडकिड्याचा कामगंध 1985 मध्ये उलगडला. त्यात दोन मुख्य घटक, एक दुसऱ्याच्या तिप्पट. 1990 च्या दशकात आंध्र प्रदेशातील शेतांत हा गंध सर्वत्र दरवळत ठेवून नरांना माद्यांचा माग लागू न देण्याचेही प्रयोग झाले.

सापळ्याची रीत सोपी आहे. नरसाळ्याच्या सापळ्यात गंधाची गोळी टांगावी, सापळा पिकाच्या शेंड्यांपेक्षा थोडा वर ठेवावा. टेहळणीसाठी हेक्टरी 5 सापळे पुरतात. नर मोठ्या प्रमाणावर पकडायचे तर 20 लागतात. गोळी तीन-चार आठवड्यांनी बदलावी. सापडलेले पतंग मोजले म्हणजे फवारणी खरोखर हवी की नको, हे वेळीच ठरवता येते.

मात्र या गोळीने गादमाशी किंवा तुडतुडे सापडणार नाहीत; एका किडीचा सांगावा दुसरीला कळत नाही. शिवाय आधीच मीलन झालेली मादी शेजारच्या बांधीतून उडत येऊन अंडी घालू शकते.

बालाघाटच्या सुवासिक चिन्नोर तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चांगला भाव हवा तर लोंबी भरलेली हवी. पतंगाला धुरा ओळखता येत नाही. म्हणून सापळे एका शेतकऱ्याने नव्हे, साऱ्या शिवाराने एकाच वेळी लावले पाहिजेत.