तबकडीतला सिनेमा आणि वगळण्याचे शास्त्र

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या फळीवर डीव्हीडींची एक चळत धूळ खात पडलेली असते. कुणाच्या लग्नाचे चित्रीकरण, कुणाचा पहिला वाढदिवस, शिवाय हौसेने जमवलेले जुने मराठी-हिंदी सिनेमे. नव्या लॅपटॉपमध्ये आता तबकडी घालायला खाचच नसते. मग घरातला एखादा तरुण पुढे होतो, दोन-चार दिवसांत सगळ्या तबकड्यांच्या फायली करून देतो आणि सांगतो, ‘‘मामू, साडेचार जीबीचा सिनेमा एका जीबीत बसवला. क्वालिटी जशीच्या तशी!’’

‘जशीच्या तशी’ हे शब्द खरे आहेत का, हा आजचा प्रश्न. त्याचे उत्तर हवे असेल तर हा सिनेमा तबकडीत मुळात शिरला कसा, तिथपासून सुरुवात केली पाहिजे.

थोडा हिशेब करू. आपल्याकडच्या डीव्हीडीवरचे एक चित्र म्हणजे आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके. एकूण ४ लाख १४ हजार ७२०. प्रत्येक ठिपक्याचा रंग नोंदवायला ३ बाइट लागतात आणि एका सेकंदात अशी २५ चित्रे जातात. म्हणजे सेकंदाला ३ कोटी ११ लाख बाइट झाले. साध्या एकपदरी डीव्हीडीत ४७० कोटी बाइट मावतात. या हिशेबाने तबकडी अडीच मिनिटांत भरून जायला हवी. नामावलीसुद्धा संपायची नाही! प्रत्यक्षात तिच्यात दोन तासांचा सिनेमा बसतो. याचा अर्थ, दुकानातून आणलेली कोरी करकरीत डीव्हीडीसुद्धा आधीच आटवलेली असते. तिच्यात आलेला सिनेमा हा मूळ सिनेमाचा अर्क आहे.

आटवण्याची ही कल्पना जुनी आहे. तारायंत्राच्या मोर्स लिपीत इंग्रजीतल्या ‘ई’ या अक्षराला एकच टिंब आहे, कारण ते सर्वांत जास्त वेळा येते. जे वारंवार येते त्याला छोटी खूण द्यायची आणि क्वचित येते त्याला लांब. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी या विचाराला गणिताचा पाया दिला. १९५२ मध्ये डेव्हिड हफमन यांनी अशा खुणा बनवण्याची नेमकी रीत प्रसिद्ध केली. ती त्यांना विद्यार्थिदशेतच सुचली होती. या रीतीत काहीही हरवत नाही. गाठोडे सोडले की सगळे कपडे मोजून परत मिळतात. पण नुसते गाठोडे आवळून सिनेमा अडीच मिनिटांवरून दोन तासांवर जात नाही. त्यासाठी काही कपडे घरीच ठेवावे लागतात. कोणते, हा खरा प्रश्न होता.

या प्रश्नाच्या मुळाशी एका बंगळुरूकराचे नाव आहे, आणि ते आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. नासिर अहमद यांचा जन्म १९४० मध्ये बंगळुरूला झाला. तिथेच विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले आणि पुढे कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवू लागले. चित्रातली माहिती थोडक्या आकड्यांत गोळा करणारी एक गणिती रीत त्यांना दिसत होती. १९७२ मध्ये त्यांनी नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे त्यासाठी अनुदान मागितले. ते नाकारले गेले. कल्पना फारच साधी आहे, असा एका परीक्षकाचा अभिप्राय होता. अहमद यांनी १९७३ ची उन्हाळ्याची सुटी बिनपगारी याच कामात घालवली. जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव या सहकाऱ्यांसह त्यांचा अवघ्या काही पानांचा निबंध छापून आला. त्या रीतीचे नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, थोडक्यात डीसीटी. पुढे १९९२ मध्ये छायाचित्रांसाठी जेपेग ही पद्धत ठरली, ती याच पायावर. डीव्हीडीही तिच्यावरच उभी आहे.

ही रीत समजायला कठीण नाही. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे छोटे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात ६४ आकडे असतात. डीसीटी त्यांच्याऐवजी दुसरे ६४ आकडे देते. त्यांतला पहिला त्या चौकोनाचा सरासरी उजेड सांगतो. पुढचे आकडे तो उजेड कसा बदलतो ते सांगतात. सुरुवातीचे आकडे ढोबळ चढउताराचे, शेवटचे अगदी बारीक नक्षीचे. निळे आकाश असेल तर जवळजवळ सगळा मजकूर पहिल्या दोन-चार आकड्यांत येतो, बाकीचे शून्याच्या आसपास असतात. इथपर्यंत काहीच हरवलेले नसते. उलटे गणित केले की मूळ चौकोन परत मिळतो. हानी होते ती पुढच्या पायरीवर. तिथे बारीक आकड्यांची किंमत ढोबळ केली जाते आणि पुष्कळांना शून्य करून टाकले जाते.

यातला कौल डोळ्याचा आहे. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक चटकन कळतो, रंगातला बारीक फरक तितका कळत नाही. म्हणून डीव्हीडीत उजेड प्रत्येक ठिपक्याचा नोंदवतात, रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एकदाच. एवढ्यानेच माहिती निम्म्यावर येते.

उरला काळाचा भाग. १९८८ मध्ये लिओनार्दो क्यारिलिओने आणि हिरोशी यासुदा यांच्या पुढाकाराने तज्ज्ञांचा एक आंतरराष्ट्रीय गट जमला. त्याचे नाव एमपेग. त्याने ठरवलेल्या पद्धतीत प्रत्येक चित्र पूर्ण नोंदवत नाहीत. साधारण अर्ध्या सेकंदाने एक चित्र पूर्ण द्यायचे, मधल्या चित्रांत फक्त बदल सांगायचा. हा चौकोन थोडा उजवीकडे सरकला, तो होता तिथेच राहिला. मागची भिंत स्थिर असेल तर ती पुन्हा कशाला काढायची? पहिली एमपेग व्हीसीडीला मिळाली. एका तबकडीत ७४ मिनिटे मावत, म्हणून आपल्याकडचा हिंदी सिनेमा दोन किंवा तीन तबकड्यांत यायचा आणि ऐन रंगात आल्यावर उठून तबकडी बदलावी लागायची. डीव्हीडीसाठी भांडणाऱ्या दोन कंपनीगटांनी १९९५ मध्ये समझोता केला आणि १ नोव्हेंबर १९९६ रोजी जपानमध्ये ती विक्रीला आली. तिच्यात दुसरी एमपेग आहे.

मग हाच सिनेमा आणखी लहान करण्याची चढाओढ लागली. १९९९ च्या सुमारास डिव्हएक्स या नावाने फिरू लागलेल्या पद्धतीचे ध्येय एकच होते, सिनेमा ७०० एमबीच्या साध्या सीडीत बसवायचा. २००३ मध्ये एच.२६४ ही पद्धत ठरली. साधारण तोच दर्जा ती दुसऱ्या एमपेगच्या निम्म्या जागेत देते. २०१३ मध्ये तिची पुढची पिढी आली, ती आणखी काटकसरी. चौकोन लहान-मोठे करता येऊ लागले, हालचालीचा अंदाज नेमका झाला. म्हणजे साडेचार जीबीचे एक जीबी करणारा आपला भाचा जादू करत नाही आणि थापही मारत नाही. नवे शास्त्र जुन्यापेक्षा खरोखर हुशार आहे.

तरीही ‘जशीच्या तशी’ हे शब्द त्याने जपून वापरावेत. डीव्हीडी हाच अर्क. त्याचा पुन्हा अर्क काढताना आधी ढोबळ केलेले आकडे पुन्हा ढोबळ होतात. साध्या प्रसंगात ते दिसत नाही. पण पाऊस, धूर, जत्रेतली गर्दी, कंदिलाच्या उजेडातला चेहरा ही या शास्त्राची अवघड जागा. तिथे सावलीचे पट्टे पडतात, अंधारात चौकोन उमटतात. आपले जुने कृष्णधवल सिनेमे तर सावलीवरच उभे आहेत. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. त्याच्या पडद्यावर फिल्मचा जो बारीक दाणा दिसतो, तो यंत्राच्या हिशेबी निव्वळ कचरा असतो.

काही हरवू द्यायचे नसेल तर एकच मार्ग आहे. तबकडीतला आशय न आटवता जसाच्या तसा उचलून फाईलमध्ये ठेवणे. जागा तेवढीच लागते. आटवायचेच असेल, तर आकार ठरवून न देता दर्जा ठरवून द्यावा आणि लागेल तेवढी जागा यंत्राला घेऊ द्यावी. एक जीबीचा हट्ट धरला की पावसाचा प्रसंग भरडला जाणारच.

हे सगळे एवढ्या बारकाईने कशासाठी? ‘आलम आरा’ १९३१ मध्ये आला, आपला पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि कित्येक जुन्या फिल्म जळाल्या. मोठ्या संग्रहालयांची ही कथा, तर घरच्या तबकड्यांचे काय? घरी भरलेल्या डीव्हीडीत रंगद्रव्याचा थर असतो. ऊन आणि उष्णता लागली की तो खराब होतो. आमच्या घरातल्या एका निकाहची तबकडी अशीच मध्येच अडकते. तिच्यात दिसणारी तीन माणसे आज हयात नाहीत. म्हणून फाईल करायलाच हवी, आणि वेळेवर करायला हवी. अजिबात प्रत नसण्यापेक्षा आटवलेली प्रत केव्हाही बरी.

फक्त फाईल झाली म्हणून तबकडी लगेच भंगारवाल्याला देऊ नये. शेर दोन ओळींत लिहिणाऱ्यालाही पुष्कळ वगळावे लागते, पण काय वगळले ते त्याला ठाऊक असते. यंत्र सर्वसाधारण डोळ्याला काय दिसणार नाही, एवढाच हिशेब करते. ज्या कोपऱ्यातल्या अंधारात तुमची आजी बसलेली आहे, तो कोपरा महत्त्वाचा आहे हे त्याला कोण सांगणार? ते आपणच ठरवायचे. मोबाइलवर पाहायला लहान फाईल ठेवा, खुशाल ठेवा. पण एक पूर्ण, न आटवलेली प्रत वेगळ्या डिस्कवर असू द्या. उद्या यापेक्षा हुशार शास्त्र येईल. त्याला काम करायला मूळ तरी शिल्लक राहिले पाहिजे.