धावपट्टी ते लाल चौक : १९४७ चे बारा किलोमीटर



विमानातून उतरलं, सामान हातात आलं, की प्रत्येकाच्या मनात पहिला प्रश्न एकच असतो. आता गावात जायचं कसं? तुम्ही बडोद्याचे असा, इंदूरचे, हैदराबादचे किंवा बेळगावचे, विमानतळ कधी गावात नसतो. तो गावाबाहेर, मोकळ्या सपाट जागेवर असतो. आज हा प्रश्न फार तर भाड्याचा असतो. टॅक्सीवाला जास्त मागतो, आपण घासाघीस करतो, अर्ध्या तासात घरी पोचतो.

२७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळी श्रीनगरला उतरलेल्या एका पलटणीपुढे हाच प्रश्न उभा होता. त्या दिवशी त्याचं उत्तर मिळालं नसतं, तर काश्मीर खोरं हातचं जाण्याची वेळ आली असती.

त्या दिवसाचा इतिहास आपण बहुधा विमानांचा इतिहास म्हणून सांगतो. डाकोटा विमानं दिल्लीहून उडाली, १ शीख पलटण श्रीनगरला उतरली, काश्मीर वाचलं. तो दिवस आपण आजही पायदळ दिन म्हणून साजरा करतो आणि ते योग्यच आहे. पण फौजेत अनेक वर्षं काढलेल्या माणसाला ही गोष्ट ऐकताना एक शंका येतेच. जवान धावपट्टीवर उतरले, ते कळलं. पुढे गेले कशाने? आजच्या भागात आपण तेवढंच पाहणार आहोत.

आधी जागा समजून घेऊ. श्रीनगरचा विमानतळ बडगाम भागात आहे, लाल चौकापासून साधारण १२ किलोमीटरवर. काश्मीरमध्ये अशा उंच, सपाट माथ्याच्या मातीच्या पठारांना करेवा म्हणतात. हे दामोदर करेवा. कल्हणाच्या राजतरंगिणीत या पठाराची कथा आहे. दामोदर राजा स्नानाला निघालेला असताना भुकेल्या ब्राह्मणांनी अन्न मागितलं. स्नानाआधी देणार नाही, असं राजा म्हणाला. ब्राह्मणांनी तपोबलाने वितस्ता, म्हणजे झेलम नदी, त्याच्या पायाशी आणली, तरी राजाने ती माया समजून नाकारली. मग शापाने तो सर्प झाला आणि पाण्यासाठी या कोरड्या पठारावर फिरत राहिला. कथा बाजूला ठेवू, पण त्यातला भूगोल खरा आहे. पठार वर आणि कोरडं, नदी आणि वस्ती खाली, आणि मध्ये अंतर. १९४७ मध्ये तिथे होती ती महाराजांच्या खाजगी विमानासाठी केलेली कच्ची धावपट्टी. रात्रीचे दिवे नव्हते, इंधनाचा साठा नव्हता.

मग श्रीनगरला रस्त्याने का नाही गेलो? कारण रस्ते फाळणीने तोडले होते. काश्मीरचा बारमाही वापराचा मुख्य रस्ता रावळपिंडीहून येत असे, डोमेल, उरी, बारामुल्ला आणि मग श्रीनगर. २२ ऑक्टोबरपासून टोळीवाले हल्लेखोर नेमके याच रस्त्याने येत होते. रेल्वे सियालकोटहून जम्मूपर्यंत येत होती. सियालकोट आता पाकिस्तानात होतं. भारताकडून उरला तो पठाणकोट-जम्मूचा कच्चा रस्ता, त्यावर पूल नसलेल्या नद्या, आणि पुढे बनिहालची खिंड, जी हिवाळ्यात बर्फाने बंद होई. तेव्हा घाईच्या वेळेला दार एकच होतं, आणि ते म्हणजे ती धावपट्टी.

२४ ऑक्टोबरला हल्लेखोरांनी माहुराचं वीजघर घेतलं आणि श्रीनगर अंधारात गेलं. दुसऱ्या दिवशी दिल्लीहून व्ही. पी. मेनन विमानाने श्रीनगरला आले. बरोबर सॅम माणेकशा होते, तेव्हा कर्नल. मेनन यांनी लिहून ठेवलं आहे की पोलीस रस्त्यावरून नाहीसे झाले होते आणि चौकाचौकांत नॅशनल कॉन्फरन्सचे स्वयंसेवक लाठ्या घेऊन उभे होते. हे स्वयंसेवक ध्यानात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

त्याच रात्री महाराज हरिसिंह गाड्यांचा ताफा घेऊन जम्मूला निघाले. पहाटे मेनन यांना दिल्लीला परतायचं होतं. विमान तयार होतं, पण विमानतळावर जायला वाहन नव्हतं! शहरात मिळतील त्या गाड्या महाराजांबरोबर गेल्या होत्या. शेवटी एक जुनी जीप मिळाली. तिच्यात राज्याचे दिवाण मेहरचंद महाजन, मेनन आणि विमानाचे कर्मचारी अक्षरशः कोंबून बसले आणि धावपट्टी गाठली. एका संस्थानाच्या विलीनीकरणाचा निर्णय त्या सकाळी एका खटारा जीपवर अवलंबून होता. माणेकशा यांच्या आठवणीप्रमाणे धावपट्टीवर उजेडासाठी चिडाच्या लाकडाच्या मशाली पेटवल्या होत्या.

आता २७ तारखेला येऊ. १ शीख पलटण तेव्हा गुडगावला होती, फाळणीच्या दंगलींच्या बंदोबस्तात. तिचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय. त्यांना हुकूम असा होता की श्रीनगरच्या धावपट्टीवरून बिनतारी संपर्क झाला नाही, तर उतरू नका, जम्मूला जा. धावपट्टी शत्रूच्या हाती आहे की आपल्या, हेसुद्धा दिल्लीला खात्रीने ठाऊक नव्हतं. हवाई दलाची विमानं पुरेशी नव्हती, म्हणून खाजगी कंपन्यांची डाकोटा विमानंही जुंपली होती.

आता जरा हिशेब करा. एका डाकोटात जेमतेम पंधरा-सतरा जवान, त्यांची शस्त्रं, दारूगोळा आणि थोडं सामान. जीप न्यायची म्हटली तर एका विमानात फार तर एकच मावते. म्हणजे एक जीप आणायची, तर पंधरा-सतरा बंदुका मागे ठेवायच्या. त्या सकाळी कोणताही सेनापती बंदुकाच निवडेल. त्यामुळे पलटण उतरली ती पायी. तिच्याकडे ट्रक नव्हते, जीपगाड्या नव्हत्या, रसद वाहायला खेचरं नव्हती. शहर १२ किलोमीटरवर. आणि शत्रू ज्या बारामुल्ल्यात होता, ते शहराच्या पलीकडे आणखी ५० किलोमीटरहून जास्त. पायी निघालं तर तिथे पोचायला दोन दिवस, आणि पोचेपर्यंत दारूगोळ्याचं ओझं खांद्यावर.

मग गाड्या आल्या कुठून? श्रीनगरच्या रस्त्यावरून. मुसाफिरांच्या बस, मालवाहू लॉऱ्या, हाती लागेल ते. रावळपिंडीचा रस्ता बंद झाल्यामुळे यातल्या कितीतरी गाड्यांचा धंदाच बसला होता. पेट्रोलही त्याच रस्त्याने येई आणि पाकिस्तानने मीठ, कापड यांच्याबरोबर तेही अडवलं होतं, म्हणून शहरात पेट्रोलची टंचाई होती. शेख अब्दुल्ला आणि बक्षी गुलाम मोहम्मद यांच्या नॅशनल कॉन्फरन्सच्या लोकांनी वाहनं गोळा करायला हात लावला. चालक काश्मिरी होते, बिनवर्दीचे. ज्या रस्त्यावर एरवी प्रवासी आणि सफरचंदांच्या पेट्या न्यायच्या, त्याच रस्त्यावर आता त्यांना शीख जवान न्यायचे होते, समोरून येणाऱ्या लष्कराच्या तोंडावर.

फौजी नजरेने या गोष्टीची किंमत सांगतो. सैनिक लढाईत जातो तो हुकमाने, प्रशिक्षणाने आणि बरोबरच्या माणसाच्या भरवशावर. बसच्या चालकाकडे यातलं काहीच नसतं. त्याने गाडी रस्त्याकडेला लावून किल्ली खिशात घातली असती आणि तो घरी गेला असता, तर त्याला कोर्ट मार्शल कोण करणार होतं?

राय यांनी काही जवान धावपट्टीच्या रक्षणाला ठेवले आणि अशाच गाड्यांतून बारामुल्ल्याच्या दिशेने कूच केलं. हल्लेखोर बारामुल्ल्यात लुटालुटीत गुंतले होते. बारामुल्ल्याबाहेरच्या टेकडीवर शिखांनी त्यांना अडवलं, पण संख्येपुढे टिकाव लागेना. माघार घेताना त्या लढाईत कर्नल राय पडले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. पलटणीने मागे येऊन पट्टण इथे, म्हणजे बारामुल्ला आणि श्रीनगर यांच्या साधारण मध्यावर, मोर्चा धरला. मागून दर फेरीला डाकोटा नवे जवान उतरवत होत्या आणि त्यांना पुढे आणण्याची व्यवस्था तयार होती. त्या बस आणि लॉऱ्यांनी मिळवून दिले ते हे दिवस.

रस्त्याच्या या लढाईत आणखी एक माणूस आहे. बारामुल्ल्याचा मकबूल शेरवानी, नॅशनल कॉन्फरन्सचा तरुण कार्यकर्ता. हल्लेखोरांनाही श्रीनगर आणि विमानतळ गाठायचा होता आणि वाट त्यांना नवखी होती. शेरवानीने त्यांची दिशाभूल केली. ते उघडकीला आल्यावर त्यांनी त्याला हाल करून मारलं. वाट दाखवणारे आणि वाट चुकवणारे, दोघेही तिथलेच होते.

आता दाराकडे परत या. शत्रूच्या ध्यानात आलं की श्रीनगर घ्यायचं तर शहराशी झटण्यापेक्षा धावपट्टी बंद करणं सोपं. ३ नोव्हेंबरला गुलमर्गच्या बाजूने शेकडो हल्लेखोर बडगाम गावाजवळ आले. तिथे ४ कुमाऊँची एक कंपनी होती, मेजर सोमनाथ शर्मा यांची. त्यांचा एक हात प्लास्टरमध्ये होता, तरी हट्टाने ते मोहिमेवर आले होते. एकास सात असं प्रमाण असताना कंपनी काही तास जागची हलली नाही. एका हाताने मॅगझिन भरून देत असताना तोफगोळा पडून मेजर शर्मा गेले. देशाचं पहिलं परमवीर चक्र त्यांचं. बडगाम ते धावपट्टी हे अंतर अगदी थोडं. ते काही तास मिळाले नसते, तर कुमक घेऊन येणाऱ्या डाकोटांना उतरायला जागा राहिली नसती.

यानंतर १६१ ब्रिगेडचे ब्रिगेडिअर एल. पी. सेन यांनी पट्टणची पलटण श्रीनगरजवळ मागे घेतली आणि विमानतळ भक्कम केला. याच सुमारास पहिली खरी फौजी चाकं आली, ती हवेतून नव्हे तर बनिहालवरून, ७ कॅव्हलरीच्या चिलखती गाड्यांच्या रूपाने. ७ नोव्हेंबरला शहराबाहेर शालटेंगजवळ जमलेल्या हल्लेखोरांवर या गाड्या अनपेक्षित बाजूने चालून गेल्या आणि पायदळाने समोरून धडक दिली. मोड झाली. दुसऱ्या दिवशी बारामुल्ला परत मिळालं. धावपट्टीने फौज आणली, पण शत्रूला हुसकावलं ते चाकं आल्यावर.

असं सगळीकडे जमत नाही. सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडमधल्या आर्नहेमला ब्रिटिशांचं छत्रीदल ऱ्हाइनच्या पुलापासून साधारण १० ते १३ किलोमीटरवर उतरलं. म्हणजे अंतर जवळपास आपल्या श्रीनगरएवढंच. बहुतेकांना पायीच चालायचं होतं आणि वाटेत जर्मन सावध झाले. पुलाच्या उत्तर टोकापर्यंत सातशेच्या आसपास माणसं पोचली, झुंजली, आणि मोहीम फसली. तिथे रणगाडे समोर होते, जगातली कसलेली फौज होती, तेव्हा तुलना फार ताणू नये. पण धडा एकच आहे. आकाशातून आलेल्या फौजेचा जीव शेवटच्या दहा-बारा किलोमीटरमध्ये अडकलेला असतो.

फौजेबाहेरही हे खरं आहे. सप्टेंबर २०१४ चा पूर आठवा. झेलम फुटली, लाल चौक पाण्याखाली गेला, बदामीबाग छावणीतही पाणी शिरलं. पण विमानतळ करेव्यावर, उंच आणि कोरडा. देशभरातून मदतीची विमानं येत होती, बोटी येत होत्या, औषधं येत होती. धावपट्टी चालू होती आणि शहर तुटलेलं होतं. पुन्हा तेच बारा किलोमीटर! तेव्हा लष्कराच्या आणि आपत्ती दलाच्या बोटींबरोबर कोण उतरलं पाण्यात? दल सरोवराचे शिकारेवाले आणि मोहल्ल्यांतली पोरं. मिळेल त्या फळीचा, टायरच्या ट्यूबचा तराफा करून त्यांनी माणसं बाहेर काढली.

म्हणून माझं सांगणं इतकंच आहे. २७ ऑक्टोबर साजरा करताना कर्नल राय, मेजर शर्मा आणि ती डाकोटा विमानं यांना सलाम करूच. त्यांच्या रांगेत त्या बस आणि लॉऱ्यांच्या काश्मिरी चालकांनाही उभं करा. त्यांच्या छातीवर पदक नाही आणि शाळेच्या पुस्तकात त्यांच्यासाठी ओळ नाही. काश्मीरविषयी बोलताना आपण कधी कधी तिथल्या माणसाला गोष्टीतूनच वगळतो, जणू लढाई त्याच्या जमिनीवर झाली आणि तो कुठेच नव्हता. तो होता. स्टिअरिंग त्याच्या हातात होतं.

पुढच्या वेळी श्रीनगरला उतराल, तेव्हा टॅक्सीवाल्याशी घासाघीस जरूर करा. पण करेव्यावरून गाडी खाली शहराकडे उतरू लागली, की खिडकीबाहेर जरा बघा. याच वाटेने एक पलटण मुसाफिरांच्या बसमध्ये बसून लढाईला गेली होती.

जय हिंद.