अस्तर आणि पाणी : होसूर-सरजापूर वसाहतीच्या निमित्ताने दुरुस्तीच्या भाषेचा विचार

१

मराठीत ‘तलाव’ हा एकच शब्द दोन भिन्न वस्तूंसाठी वापरला जातो. उतारावरून येणारे पावसाचे पाणी बांध घालून अडवलेले जलाशय म्हणजे तलाव. आणि सदनिकांच्या आवारात सिमेंटच्या भिंतींमध्ये कोंडलेले निळसर पाणी म्हणजेही, ‘जलतरण’ या विशेषणासह, तलावच. कन्नड भाषा येथे अधिक काटेकोर आहे. तिच्यात पहिला ‘केरे’ आणि दुसरा ‘ईजुकोळ’. ‘ईजु’ म्हणजे पोहणे आणि ‘कोळ’ म्हणजे कुंड किंवा तळे. त्याहून लहान साठ्याला ‘कुंटे’ आणि देवळापुढील पायऱ्यांच्या तळ्याला ‘कल्याणी’ अशी आणखी नावे आहेत. मराठीलाही टाके, बारव, पुष्करणी, हौद हे भेद ठाऊक आहेत. परंतु आधुनिक वस्तूला नाव देताना तिने त्यांतील ‘हौद’ न निवडता ‘तलाव’ निवडला. ही निवड तपासून पाहण्यासारखी आहे. तलावाचा तळ मातीचा असतो. तो पाणी जमिनीत मुरू देतो आणि पाझराच्या रूपाने परत घेतो. हौदाला मात्र अस्तर असते. पाणी आणि जमीन यांचा संबंध तोडणे हेच त्या अस्तराचे काम असते.

बंगळूरच्या आग्नेयेकडील एचएसआर लेआउट, म्हणजेच होसूर-सरजापूर रोड वसाहत, हे या दोन्ही अर्थांचे तलाव शेजारी शेजारी असलेले ठिकाण आहे. प्रस्तुत निबंधात त्या वसाहतीच्या निमित्ताने पाण्याच्या अस्तराचा आणि त्याच्या दुरुस्तीसाठी आपल्या भाषांनी घडवलेल्या शब्दांचा विचार करावयाचा आहे. बांधणाऱ्याला इतिहासात नाव मिळते. दुरुस्त करणाऱ्याला काय मिळते, हा या विवेचनामागील प्रश्न आहे.

२

बंगळूर विकास प्राधिकरणाने आखलेली ही वसाहत नवी असली, तरी तिच्या सीमेवरील अगर हे गाव फार जुने आहे. तेथे इ. स. ८७० च्या सुमाराचा, गंग राजवटीतील एक कन्नड शिलालेख आहे. त्याचा विषय युद्ध नाही. दोन तलावांना तूब, म्हणजे पाणी सोडण्याची मोरी, बसवून आणि पूर्वेकडील तिसरा तलाव बांधून दिल्याबद्दल एका व्यक्तीला ‘बित्तुवट्ट’ मिळाल्याची त्यात नोंद आहे. तलाव बांधणाऱ्याला किंवा राखणाऱ्याला दिलेला भिजत्या जमिनीचा वाटा म्हणजे बित्तुवट्ट. या लेखातील पहिले कृत्य असलेल्या तलावांना नवा अवयव जोडण्याचे आहे, ही बाब नजरेआड होऊ नये. तलावाचे आयुष्य तुबेवर आणि गाळ काढण्यावर अवलंबून असते, हे ज्ञान तेथे दानाच्या भाषेत नोंदले गेले आहे.

संस्कृत धर्मशास्त्राची भूमिका याच दिशेची आहे. विहीर, बाग, तलाव आणि देवालय यांचा पुनःसंस्कार करणाऱ्यास मूळ बांधणाऱ्याइतकेच फळ मिळते, असे विष्णुस्मृती सांगते. पश्चिम भारतातील लेण्यांमध्ये ‘पाणियपोढी’, म्हणजे पाण्याचे टाके, दान केल्याचे प्राकृत लेख आढळतात. सह्याद्रीच्या कातळात खोदलेल्या या टाक्यांना बहुधा वेगळ्या अस्तराची गरज नसे. अभंग खडक हेच त्यांचे अस्तर. मात्र जेथे पाणी असेल तेथेच टाके खोदून भागत नाही, याची जाणीव रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दिसते. गडाची जागा निवडताना आधी पाणी पाहावे, एका झऱ्यावर विसंबू नये, तोफांच्या दणक्याने झरे आटतात म्हणून साठ्याची टाकी वेगळी राखावीत, असा त्यातील विचार आहे. पाणी जतन करणे हे तेथे राजनीतीचे अंग ठरते.

३

या परिसराचा मराठीशी असलेला संबंध केवळ आजच्या नोकरदारांच्या स्थलांतरापुरता नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. त्यांच्या दरबारातील जयराम पिंड्ये याने रचलेला ‘राधामाधवविलासचंपू’ वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केला. संस्कृतच्या जोडीने अनेक देशभाषांतील रचना त्यात आहेत. एकाच दरबारात इतक्या भाषा नांदत होत्या, हे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. शहाजीराजांच्या कर्नाटकातील कारभाराशी हणमंते घराण्याचा निकटचा संबंध होता. याच घराण्यातील रघुनाथपंतांच्या नावाशी ‘राजव्यवहारकोश’ जोडलेला आहे. फारसी राज्यव्यवहाराच्या शब्दांना संस्कृत पर्याय देणे हे त्या कोशाचे प्रयोजन.

परंतु दरबारातील शब्द बदलणे आणि परांचीवरील शब्द बदलणे यांत अंतर आहे. बांधकामाची मराठी आजही फारसी-अरबी शब्दांवाचून बोलता येत नाही. ‘हौद’ अरबीतून फारसीमार्गे आला. ‘गिलावा’ हा चिखल आणि पाणी यांचा बोध करून देणाऱ्या फारसी शब्दाचा वंशज. ‘अस्तर’ मूळ कापडाचे, पुढे भिंतीचे झाले. ‘सुरखी’ म्हणजे विटेची पूड. तिचे नाव फारसीतील तांबड्या रंगावरून पडले. त्यांच्या शेजारी ‘चुना’ मात्र संस्कृत ‘चूर्ण’ आणि प्राकृत ‘चुण्ण’ यांच्याकडून आलेला. कन्नड ‘सुण्ण’ त्याचाच सगोत्र. गवंड्याच्या थापीवर हे दोन्ही प्रवाह एकत्र कालवले गेले आहेत.

दुरुस्तीचे शब्द पाहिले म्हणजे सामाजिक स्तरही दिसतात. ‘जीर्णोद्धार’ संस्कृत, त्यात पुण्य आहे आणि कर्त्याचे नाव आहे. ‘मरामत’ अरबी, त्यात दप्तर आहे, मंजुरी आहे, खर्चाचा आकडा आहे. ‘डागडुजी’ घरगुती, तिच्यात ना पुण्य ना मंजुरी, केवळ निकड आहे. तिन्ही शब्दांनी दर्शवलेले प्रत्यक्ष काम बहुधा सारखेच असते. ते करणारे हातही सारखेच असतात. महाराष्ट्रातील वडार आणि कर्नाटकातील वड्ड किंवा भोवी या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या माती आणि दगड यांचे काम केले. त्यांचे श्रम ‘जीर्णोद्धार’ या शब्दात मावत नाहीत. शिलालेखात तर नाहीतच.

४

आता अस्तराच्या घडणीकडे वळू. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, वाळू किंवा सुरखीसह बैलाच्या घाणीत मळायचा, गूळ, हिरडा, बेलफळ यांसारखी द्रव्ये प्रदेशपरत्वे मिसळायची आणि लावलेला थर गुळगुळीत होईपर्यंत घोटायचा, अशी जुन्या गिलाव्याची रीत होती. असा चुना हवेतील कर्बवायू शोषून सावकाश पुन्हा चुनखडीचा दगड होतो. सुरखीमुळे तो पाण्याखालीही घट्ट होऊ शकतो. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजहून पुण्यात पाणी आणण्यात आले आणि शहरात हौद भरू लागले. काळा हौद, फडके हौद, बदामी हौद ही नावे पुण्यात राहिली. पाणी राहिले नाही. होसूर-सरजापूर परिसरातील हरळुकुंटे या नावातही ‘कुंटे’, म्हणजे छोटे तळे, आहे. तेथील तलाव आज सोमसुंदरपाळ्य या नावानेही ओळखला जातो.

चुन्याकडून सिमेंटकडे झालेले संक्रमण दक्षिणेत सरळ रेषेत झाले नाही. पोर्टलंड सिमेंटचे एकस्व जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ मध्ये घेतले. भारतात १९०४ मध्ये मद्रासला झालेला प्रयत्न टिकला नाही. १९१४ मध्ये पोरबंदरला उत्पादन स्थिरावले. त्याच सुमारास, १९११ पासून, म्हैसूर संस्थानात कावेरीवर कृष्णराजसागर उभे राहत होते आणि ते सुरखी-चुन्यात बांधले गेले. त्याचे सूत्रधार मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे अभियांत्रिकी शिक्षण पुण्यात झाले होते आणि सेवेचा पूर्वार्ध मुंबई इलाख्यात गेला होता. १९७४ पासून बंगळूरला कावेरीचे पाणी मिळू लागले. म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शहराच्या सिमेंटच्या टाक्या ज्या नदीवर विसंबल्या, तिला जुन्या पद्धतीच्या चुन्याने अडवले होते.

५

जलतरण तलावाचे अस्तर हे बहुधा पांढरे सिमेंट आणि संगमरवराची भुकटी यांचे, काही मिलिमीटर जाडीचे असते. कोठे त्यावर चिनी मातीच्या लाद्या असतात. या अस्तराला बंगळूरचे हवामान दोन बाजूंनी छळते. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात पाणी वेगाने वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात आणि कूपनलिकेच्या जड पाण्याची भर पडत गेल्याने काठावर पांढरी पुटे चढतात. पावसाळ्यात, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, उलट घडते. पावसाचे मृदू पाणी साठ्यातील क्षार विरळ करते. असे भुकेले पाणी आपली चुन्याची गरज अस्तरातून भागवते. पृष्ठभाग खडबडीत होतो, त्यात शेवाळ रुजते, थर कोठे कोठे मूळ भिंतीपासून सुटतो आणि ठोकून पाहिल्यास पोकळ वाजतो. पाण्याचा हा समतोल मोजण्याचे सूत्र लँजेलियर याने १९३६ मध्ये मांडले.

दुरुस्तीचा क्रमही ऋतू ठरवतो. सुटलेला थर काढून, पृष्ठभाग खरवडून, भेगा बुजवून नवा थर द्यायचा तर तलाव रिकामा करावा लागतो. परंतु पावसाळ्यात भूजल वर आलेले असताना रिकामे कुंड नावेसारखे वर उचलले जाऊ शकते किंवा त्याचा तळ फुटतो. म्हणून हे काम जानेवारीपासून पूर्वमोसमी वळिवांपर्यंतच्या काळात उरकणे शहाणपणाचे. तेव्हा ऊन कडक असते, म्हणून नव्या थराला सतत पाणी मारावे लागते; अन्यथा तो वाळून तडकतो. सिमेंटला घट्ट होण्यासाठी पाणी हवे, आणि नेमके त्याच महिन्यांत शहराकडे पाणी नसते. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने जलतरण तलावांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली आणि उल्लंघनास ५,००० रुपये दंड ठेवला, तेव्हा हा अंतर्विरोध उघड्यावर आला. त्याआधी अवघ्या दीड वर्षापूर्वी, सप्टेंबर २०२२ मध्ये, शेजारच्या बेळ्ळंदूर परिसरातील रस्ते पुराखाली होते.

या दोन घटना वेगळ्या नाहीत. अगरचा तलाव भरला की त्याचे पाणी बेळ्ळंदूरकडे आणि पुढे वर्तूरकडे जाते. तलावांची ही साखळी म्हणजेच या भूभागाची जलव्यवस्था. साखळीतील मातीचे तळ आणि त्यांना जोडणारे ओढे आक्रसत गेले, तसतशी अस्तर दिलेली जमीन वाढत गेली. रस्ता, आवार, गच्ची ही सारी एका अर्थी अस्तरेच आहेत. जलतरण तलाव हे त्या प्रवृत्तीचे सर्वांत स्पष्ट, पण आकाराने सर्वांत लहान उदाहरण होय.

६

‘तलाव’ या शब्दाच्या दोन अर्थांकडे आता अधिक सावधपणे पाहता येईल. मराठीने कृत्रिम कुंडालाही तलाव म्हटले, त्यामुळे एक भेद पुसला गेला हे खरे. परंतु त्याच शब्दाने एक अपेक्षाही जागी ठेवली आहे: तलाव म्हटला की त्याची राखण कोणीतरी करावयाची असते. अगरच्या शिलालेखात त्या राखणीचा मोबदला गावाच्या भिजत्या जमिनीतून येत होता. आज सदनिकाधारकांच्या देखभाल-वर्गणीतून येतो. पहिल्या व्यवस्थेत राखलेले पाणी शेतात पोहोचत होते, दुसऱ्या व्यवस्थेत ते आवाराच्या भिंतीआड राहते. दुरुस्तीची निष्ठा टिकली, तिचा लाभ घेणारे मात्र मोजके झाले.

साहित्येतिहासाच्या दृष्टीने यातून एक कार्यक्रम सुचतो. दानलेख, पेशवे दप्तरातील मरामतीचे हिशेब, गवंडीकामाची बोली आणि वडार समाजाचे मौखिक वाङ्मय यांचे मराठी-कन्नड असे एकत्र वाचन होण्याची गरज आहे. प्रशस्तीचे वाङ्मय निर्मात्याला केंद्रस्थानी ठेवते. ही साधने राखणाऱ्यांची आहेत. त्यांच्या आधारे दख्खनच्या दोन भाषांचा इतिहास लिहिला गेला, तर शहाजीराजांच्या दरबारातील बहुभाषिकतेला तळाशी आणखी एक थर होता, हे दाखवता येईल. तो थर कालवणाऱ्यांची नावे आपल्याजवळ नाहीत. त्यांचे शब्द आहेत, आणि ते अजून वापरात आहेत.