मुक्तिफौजेचा गिटार बँड

नगरकरांना बूथ हॉस्पिटल सांगायला नको. ते ज्या साल्व्हेशन आर्मीचं, म्हणजे आपल्याकडच्या मुक्तिफौजेचं, त्याच संस्थेचा साठच्या दशकात लंडनमध्ये चक्क एक पॉप बँड होता. जॉयस्ट्रिंग्ज त्याचं नाव. जेमतेम सहा वर्षं चालला.

झालं असं. १९६३ साली फ्रेडरिक कूट्स हे फौजेचे नवे जनरल निवडले गेले. पत्रकारांशी बोलताना ते म्हणून गेले की तरुण जर कॉफी बारमध्ये बसत असतील, तर आपण गिटार घेऊन तिथे जायला हवं. आता पत्रकार असलं वाक्य सोडतात होय! बीबीसीने लगेच विचारलं, दाखवा तुमचे गिटारवाले. गिटारवाले होते कुठे? मग कॅप्टन जॉय वेब यांनी फौजेच्या प्रशिक्षण कॉलेजातली पोरं-पोरी जमवली.

गाण्यांत बीट संगीताचा ठेका, लोकगीताचा साधेपणा आणि खाली उपासनेच्या गीतांचा जुना पाया. अंगावर मात्र फौजेचा पूर्ण गणवेश, बायकांच्या डोक्यावर बॉनेटसुद्धा. बीटल्सच्या रेकॉर्डी काढणाऱ्या ईएमआयनेच यांचीही रेकॉर्ड काढली आणि १९६४ साली 'इट्स अॅन ओपन सीक्रेट' ब्रिटनच्या यादीत ३२ व्या क्रमांकापर्यंत गेलं. पुढे ही मंडळी प्लेबॉय क्लबमध्येही गाऊन आली! त्यावर घरच्याच लोकांनी नाकं मुरडली. देवाचं गाणं असल्या चालीत?

मला गंमत वाटते ती इथे. कारण फौज मुळात उभीच राहिली ती उसन्या चालींवर. 'शॅम्पेन चार्ली' हे दारूचं गाणं, त्याच्या चालीवर यांनी एकोणिसाव्या शतकातच भक्तिगीत बसवलं होतं. १८७८ साली सॉल्सबरीत चार्ल्स फ्राय आणि त्यांची तीन मुलं रस्त्यावरच्या सभेत गुंडांपासून राखण करायला आली आणि सोबत आणलेली पितळी वाद्यं वाजवू लागली. फौजेच्या बँडची सुरुवात ती. जी पितळी वाद्यं पुढे 'पवित्र' ठरली, तीही कधीतरी नवखीच होती.

आपल्या मुंबईतही तेच झालं. सप्टेंबर १८८२ मध्ये फ्रेडरिक टकर तीन साथीदारांना घेऊन उतरले. हे आधी इंग्रज सरकारचेच अधिकारी. वाजतगाजत मिरवणूक काढली म्हणून पोलिसांनी धरलं, टकरना तुरुंगातही जावं लागलं. राज्य इंग्रजांचं, धर्म एकच, तरी खटकलं ते वाजवणं! पुढे टकरनी भगवी वस्त्रं घेतली, फकीर सिंग हे नावही घेतलं.

आणि आपले नारायण वामन टिळक? त्यांनी तर ख्रिस्ताचं नाव थेट अभंगात आणि भजनात आणलं. ती पदं मराठी चर्चमध्ये आजही गातात. तीच म्हणणारी काही जुनी मंडळी आता ड्रमसेट दिसला की चर्चचं वातावरण बिघडलं म्हणतात. त्यांचं सगळंच चूक नाही. आवाज इतका वाढवतात की शब्दच ऐकू येत नाहीत. पण भांडण आवाजाचं असेल तर आवाजावर करा, वाद्याची जात कशाला काढता?

जॉयस्ट्रिंग्ज १९६९ मध्ये थांबला. त्यातले बरेच जण फौजेचे अधिकारी. नेमणूक येईल तिकडे जायचं, हा त्यांचा खरा पेशा. जॉय वेब त्यानंतरही फौजेतच राहिल्या आणि गाणी लिहीत राहिल्या.