ध्वनिवेगासमीप प्रवाहातील परिवर्ती वायुभार
विमानाचा वेग ध्वनिवेगाच्या जवळपास (माख अंक सु. ०·८ ते १·२) असताना पंखांची कंपने, नियंत्रक पृष्ठांची हालचाल किंवा वाऱ्याचे झटके यांमुळे विमानावर येणाऱ्या व क्षणोक्षणी बदलणाऱ्या हवेच्या भारांना ही संज्ञा लावतात. विमानाचा वेग व ध्वनिवेग यांच्या गुणोत्तरास माख अंक म्हणतात. हे भार आधी अजमावणे अत्यावश्यक असते. कारण कंप पावणारा पंख प्रवाहातून ऊर्जा घेऊ लागला, तर कंपने वाढत जाऊन ‘फडफड’ उद्‌भवते व थोड्याच वेळात पंख मोडू शकतो.

इतिहास : मंद प्रवाहातील फडफडीचा व्यापक सिद्धांत टी. थिओडोरसन यांनी १९३५ मध्ये मांडला. हवेची संपीड्यता (दाबली जाण्याची क्षमता) विचारात घेणारे समीकरण सी. पोस्सिओ यांनी १९३८ मध्ये दिले. पंखाचे लहान चौकोनांत विभाजन करून भार काढण्याची ई. आल्बानो व डब्ल्यू. पी. रॉडेन यांची पद्धत (१९६९) अभियंत्यांत रूढ झाली. हे सर्व सिद्धांत रेषीय आहेत. म्हणजे हालचाल दुप्पट झाल्यास भारही दुप्पट होतो, असे त्यांत गृहीत असते.

ध्वनिवेगासमीप हे गृहीतक डळमळते. पंखावरील प्रवाह काही भागात ध्वनीपेक्षा वेगवान होतो व त्या भागाच्या शेवटी आघात तरंग निर्माण होतो. पंख हलला की हा तरंगही पुढेमागे सरकतो. मात्र त्याची हालचाल पंखाच्या मागे पडते. या कलांतरावरच प्रवाह कंपने शमवील की वाढवील हे अवलंबून असते. पी-८० या अमेरिकन जेट विमानाच्या पंखांमागील हलत्या पृष्ठांत (एलेरॉनांत) अशीच तीव्र थरथर आढळली व एम्स प्रयोगशाळेच्या वातविवरात १९४७ पर्यंत तिचा अभ्यास झाला.

लँग्ली येथे १९६० मध्ये खास या कार्यासाठी १६ फुटी वातविवर सुरू झाले. त्यात हवेऐवजी ध्वनिवेग निम्म्याहून कमी असलेला जड वायू वापरण्याची सोय होती. तेथे ई. सी. येट्स यांनी ४५° मागे झुकलेल्या पंखावर केलेले प्रयोग (१९६३) पुढे कसोटी ठरले. त्यांत फडफडीच्या वेगाचा निर्देशांक माख ०·४९९ ला ०·४४५९ होता, तर माख ०·९६ ला तो सु. ०·३१ पर्यंत उतरला. माख १·१४१ ला तो पुन्हा ०·४०३१ झाला. हा खळगाच धोक्याचा होय. जाड पंखांच्या बाबतीत रेषीय सिद्धांताने काढलेला वेग खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो आणि कागदावर सुरक्षित दिसणारे उड्डाण प्रत्यक्षात घातक ठरू शकते.

अर्ल मर्मन व ज्युलियन कोल यांनी १९७१ मध्ये ध्वनिवेगाच्या खालचा व वरचा असा मिश्र स्थिर प्रवाह संगणकाने सोडविला. डब्ल्यू. बॉलहाउस व पी. गुर्जिअन यांनी १९७७ मध्ये परिवर्ती प्रवाहासाठी जलद पद्धती दिली. त्याच वर्षी नेदर्लंड्समध्ये एच. टायडेमन यांनी आघात तरंगाच्या हालचालीचे तीन प्रकार प्रयोगाने दाखविले : सतत राहून पुढेमागे सरकणारा, आवर्तनाच्या काही काळ नाहीसा होणारा आणि पंखावरून पुढे निसटून जाणारा.

यानंतर हवेची श्यानता (चिकटपणा) धरणारी समीकरणे सोडविता येऊ लागली. तथापि २०१२ मध्ये होनोलुलू येथील परिसंवादात विविध गणनांची तुलना झाली, तेव्हा प्रवाह पृष्ठभागापासून विलग होणाऱ्या उदाहरणांत त्यांचा मेळ कमी आढळला. म्हणून गणन व वातविवर यांच्या जोडीला, वेग टप्प्याटप्प्याने वाढवून घेतलेली उड्डाण चाचणी अद्यापि अपरिहार्य आहे.